बझर, खांब आणि उंदीर

फार्मसी कॉलेजांच्या फार्माकॉलॉजी विभागांत ‘कुक्स पोल क्लाइंबिंग अपॅरेटस’ नावाची एक पेटी असते. आमचे विद्यार्थी तिला नुसतं ‘पोल’ म्हणत. समोर पारदर्शक दार, तळाला स्टीलच्या गजांची जाळी, झाकणातून मधोमध खाली सोडलेला लाकडी खांब आणि बाजूला बझर. बझर वाजतो, काही सेकंद जातात आणि मग गजांमध्ये सौम्य विजेचा झटका येतो. खांबात वीज नसते. उंदीर खांबावर चढला की सुटला. झटका बसल्यावर चढला तर आम्ही वहीत ‘सुटका’ लिहायचो आणि नुसता बझर ऐकून आधीच चढला तर ‘टाळणं’. माझ्या नोकरीची बरीच वर्षं या दोन रकान्यांमधल्या फरकावर गेली आणि आजही मला प्राण्याच्या मनाबद्दल यापेक्षा महत्त्वाचा फरक सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी सगळे उंदीर सारखेच वागतात. बझर वाजला की क्षणभर थबकतात, कान हलवतात आणि पुन्हा कोपरे हुंगायला लागतात. त्या आवाजाला त्यांच्या लेखी काही अर्थ नसतो. झटका बसला की धावपळ, उड्या आणि त्या गडबडीत कधीतरी पंजा खांबावर पडतो. हळूहळू धावपळ कमी होते, उंदीर सरळ खांबाकडे जातो. सुटका शिकून झाली. टाळणं मात्र नंतर येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पाहणाऱ्यालाही ते जाणवतं. बझर सुरू होतो, उंदीर मान वळवून खांबाकडे बघतो आणि काहीच झालेलं नसताना चढून जातो.

काही उंदीर ही पायरी ओलांडतच नाहीत. बझर वाजला की अंग आकसून जागच्या जागी थिजतात. विद्यार्थी त्यांना ‘मठ्ठ’ म्हणायचे आणि मी त्यांना तो शब्द वापरू द्यायची नाही. धोका जाणवला की उंदराच्या जातीला पळणं किंवा थिजणं जन्मतः येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बोल्स यांनी 1970 मध्ये हेच मांडलं होतं: जी कृती त्या प्राण्याच्या स्वतःच्या बचावाच्या सवयींत बसते ती तो चटकन शिकतो, जी बसत नाही ती त्याच्या गळी उतरवणं कठीण. पेटीच्या एका खणातून दुसऱ्या खणात पळायला उंदीर लवकर शिकतो. झटका टाळायला दांडा दाबायचा असेल तर तोच उंदीर कित्येक सत्रं घेतो. थिजणाऱ्या उंदराला सूचना कळलेली असते. उलट ती इतकी कळलेली असते की तो हलू शकत नाही.

आमच्या ॲनिमल हाउसमध्ये एक मामा होते. पिंजऱ्यांतलं तूस बदलणं, पाणी, खाणं, आजारी उंदीर वेगळे काढणं हे सगळं त्यांच्याकडे. प्रयोगाच्या आधी काही दिवस उंदरांना रोज हातात घ्यायचं असा त्यांचा आग्रह असे. “मॅडम, हाताला घाबरणारा उंदीर तुमचा बझर ऐकणारच नाही,” असं ते म्हणायचे. पुस्तकात हीच गोष्ट रुक्ष भाषेत लिहिलेली आहे. ज्या प्राण्याला सगळंच धोक्याचं वाटतं, त्याला एकच आवाज वेगळा काढून ओळखता येत नाही.

आता यातलं कोडं. झटका बसल्यावर चढणाऱ्या उंदराला काय मिळतं ते दिसतं: वेदना थांबते. आधीच चढणाऱ्याला काय मिळतं? काहीच घडत नाही, हेच त्याचं बक्षीस. पण ‘काहीच न घडणं’ तर दिवसभर चालूच असतं. त्यातून एखादी कृती पक्की कशी होईल? 1930 आणि 40 च्या दशकांत या प्रश्नाने अभ्यासकांना भंडावून सोडलं होतं. 1938 मध्ये ब्रॉग्डन, लिपमन आणि कलर यांनी गिनीपिगवर केलेला प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगायची. फिरत्या पिंजऱ्यात गिनीपिग, आधी आवाज, मग झटका. एका गटाने आवाज ऐकून पळायला सुरुवात केली तर झटका टळायचा. दुसऱ्या गटाला पळा वा न पळा, झटका बसायचाच. दोघांच्या बाबतीत आवाजामागून झटका येत होता, पण आवाज ऐकून खात्रीने पळायला शिकला तो पहिलाच गट. नुसती सांगड पुरत नाही, आपल्या कृतीने काही बदलावं लागतं.

होबार्ट मौरर यांनी 1947 मध्ये उत्तर दिलं ते दोन टप्प्यांचं. आधी आवाजाची भीती बसते, मग ती भीती कमी करणारी कृती पक्की होते. उंदीर झटक्यापासून पळत नाही, बझरपासून पळतो. चढल्यावर बझर बंद होतो आणि तेच त्याचं बक्षीस. हे उत्तर इतकं सुबक आहे की मी बरीच वर्षं ते जसंच्या तसं शिकवलं. पण पेटीसमोर बसल्यावर जे दिसायचं ते त्यात पूर्ण मावत नव्हतं. चांगले शिकलेले उंदीर घाबरलेले दिसत नाहीत. सुरुवातीला लेंड्या टाकणारा, अंगावरचे केस फुलवणारा उंदीर पुढे बझर वाजला की सावकाश चढतो, वर बसून मिशा साफ करतो आणि उतरतो. लिऑन कॅमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये हे मोजून दाखवलं. टाळायला शिकलेल्या उंदरांना त्यांनी वेगळ्या पेटीत खाण्यासाठी दांडा दाबताना तोच इशारा ऐकवला. घाबरलेला उंदीर दांडा दाबायचा थांबतो, म्हणून किती थांबला यावरून भीती कळते. ज्यांनी लागोपाठ 27 वेळा झटका टाळला होता त्यांची भीती 9 वेळा टाळलेल्यांपेक्षा कमी निघाली. भीती ओसरली होती, टाळणं चालूच होतं.

मग ते कशावर चालू होतं? इथे माझं मत मांडते. मला वाटतं, प्राणी दोन सूचना शिकतो आणि आपण नेहमी पहिलीच मोजतो. बझर म्हणजे ‘आता येणार’. पण खांबाचा लाकडी खरखरीत स्पर्श, पायाखालून गज नाहीसे होणं, बझर थांबल्यावरची शांतता या सगळ्या मिळून दुसरी सूचना होते: ‘आता येणार नाही’. अभ्यासक तिला सुरक्षिततेची सूचना म्हणतात. खांबावर बसून मिशा साफ करणारा उंदीर या दुसऱ्या सूचनेच्या आधाराने बसलेला असतो. ‘काहीच न घडणं’ अदृश्य असतं खरं, पण त्याला अशी एखादी खूण मिळाली की ते हाताला लागतं.

शिकलेलं टाळणं विसरायला लावणं हे त्याहून अवघड काम. झटक्याचं बटण बंद करून टाकलं तरी उंदीर चढतच राहतो. त्यात नवल नाही. दर महिन्याला मुदतीच्या आत विजेचं बिल भरणाऱ्याला, उशीर झाला तर वीज खरंच कापतात का हे कधी कळत नाही. हार्वर्डमध्ये रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी 1953 मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग या बाबतीत टोकाचे आहेत. अतिशय तीव्र झटके देऊन त्यांनी कुत्र्यांना मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारायला शिकवलं आणि नंतर झटके पूर्ण बंद केले. कुत्रे शेकडो वेळा उड्या मारत राहिले. ते प्रयोग वाचताना मला आजही त्रास होतो आणि आज ते कोणी करू नयेत असंच मला वाटतं. पण त्यातून जे कळलं ते खोटं ठरत नाही: जो टाळतो त्याच्यापर्यंत बदललेल्या जगाची बातमी पोहोचत नाही.

ती पोहोचवण्याचा एक मार्ग आमच्या पेटीतही दिसायचा. झाकण उघडून खांब काढून घ्यायचा, बझर वाजवायचा आणि झटका द्यायचा नाही. सुरुवातीला उंदीर खांबाच्या रिकाम्या जागेखाली उभा राहून वर बघतो, भिंतींवर पंजे मारतो. मग बझर संपतो, काही होत नाही. असं पुन्हा पुन्हा झालं की बझर वाजताना तो कोपऱ्यात निवांत बसायला लागतो. पुढे खांब परत बसवला तरी पूर्वीइतका चढत नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये मंत्रचळाच्या रुग्णांसाठी हीच वाट वापरली. अस्वच्छ वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि त्यानंतर हात धुण्याची कृती होऊ द्यायची नाही. आज जगभर वापरली जाणारी ती उपचारपद्धत प्राण्यांवरच्या या अभ्यासाची नातेवाईक आहे. उंदीर वापरून शेवटी माणसाला काय मिळतं असं कोणी विचारलं की मी आधी हे सांगते.

वेळापत्रकाकडे येते, कारण नवीन विद्यार्थी तिथे सर्वात कमी लक्ष देतात. बझर ठरावीक अंतराने वाजवला तर उंदीर बझर शिकत नाही, वेळ शिकतो. दोन फेऱ्यांमधलं अंतर सारखं ठेवलं की काही उंदीर बझरच्या आधीच खांबाजवळ जाऊन उभे राहतात. अंतर बदलतं ठेवलं की त्यांना आवाजावरच विसंबावं लागतं. फेऱ्या फार जवळजवळ घेतल्या तर उंदीर खांबावरून उतरतच नाहीत, कारण सुरक्षित काळ इतका छोटा होतो की तो ओळखूच येत नाही. काही काळ आमची खोली कॉलेजच्या घंटेच्या टप्प्यात होती आणि तास संपल्याच्या घंटेला पेटीतला उंदीर खांबावर चढायचा. त्या सत्राची नोंद बाद करावी लागे. खोली बदलून मिळाल्यावर आकडे सुधारले.

सूचना अजिबातच नसेल तर? मरे सिडमन यांनी 1953 मध्ये हे करून पाहिलं. बझर नाही, दिवा नाही. काहीच केलं नाही तर झटके दर काही सेकंदांनी येत राहणार, दांडा दाबला की पुढचा झटका ठरावीक काळ लांबणार. उंदीर हेही शिकले. त्यांच्यासाठी घड्याळ शरीरातच होतं. शेवटच्या दाबण्यानंतर किती वेळ गेला हीच सूचना. 1966 मध्ये हर्नस्टीन आणि हाइनलाइन यांनी तोही आधार काढून घेतला. झटके बेहिशेबी यायचे आणि दाबल्याने पुढचा झटका नक्की टळेल अशी हमी नव्हती. एकूण झटके तेवढे कमी व्हायचे. कधी दाबल्याबरोबर बसायचा. तरीही उंदीर दाबत राहिले आणि झटक्यांवर दाबण्याचा परिणाम होईनासा झाल्यावरही फार काळ दाबत राहिले. सिडमन यांचं पुढचं आयुष्य मला या निष्कर्षांइतकंच मोलाचं वाटतं. 1989 मध्ये त्यांनी ‘कोअर्शन अँड इट्स फॉलआउट’ हे पुस्तक लिहिलं आणि शाळा, तुरुंग, घर अशा ठिकाणी धाकावर चालणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध बाजू मांडली. झटक्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने ते लिहिलं, म्हणून मी प्रत्येक तुकडीला त्या पुस्तकाबद्दल सांगितलं.

शिकता येतं म्हणून ते सोसवतं असं मात्र नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस यांनी उंदरांच्या शेपटीला अगदी सारखे झटके दिले. एकाला प्रत्येक झटक्याआधी आवाज ऐकू यायचा, दुसऱ्याला आवाज यायचा पण त्याचा झटक्याशी संबंध नसायचा. झटके तेवढेच, तीव्रता तीच. ज्याला संबंध नसलेला आवाज मिळाला त्याच्या पोटात अल्सर कितीतरी जास्त निघाले. आवाज खरा असला तर आवाज नसलेला सगळा वेळ विश्रांतीचा असतो. आवाज खोटा असला तर विश्रांतीची वेळ उरतच नाही. मला हा या विषयातला सर्वात मोठा शोध वाटतो. आमच्या संस्थेच्या प्राणी-नीती समितीसमोर प्रस्ताव ठेवताना मी नेहमी यावर बोलायची. 1960 चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे प्रयोगांबाबतचे नियम प्राण्यांची संख्या, वेदना, पर्याय यांचा हिशेब मागतात आणि तो मागायलाच हवा. पण झटका किती मिलिॲम्पियरचा याच्या जोडीला तो कसा सांगून येतो हाही प्रश्न असायला हवा, असं माझं म्हणणं होतं. बझर नीट वाजतो की नाही हे प्रत्येक सत्राआधी तपासायची सक्ती आमच्याकडे त्यातूनच आली.

हे सगळं आम्ही औषधांसाठी करत होतो. 1952 मध्ये क्लोरप्रोमॅझिन मनोविकारांवर वापरात आलं आणि अशी आणखी औषधं शोधायची तर प्राण्यात काय बघायचं हा प्रश्न उभा राहिला. कुक आणि वाइडली यांनी 1957 मध्ये खांबाच्या पेटीतून उत्तर दिलं. झोप आणणारं औषध दिलं की उंदीर टाळणं आणि सुटका दोन्ही एकदमच सोडतो; त्याच्या अंगात त्राणच नसतं. क्लोरप्रोमॅझिन किंवा हॅलोपेरिडॉलच्या योग्य मात्रेनंतर मात्र टाळणं थांबतं आणि सुटका शाबूत राहते. हे प्रत्यक्ष पाहणं विलक्षण असतं. बझर वाजतो, उंदराचे कान वळतात, त्याला ऐकू आलेलं असतं. खांब समोर असतो आणि तो जागचा हलत नाही. झटका आला की लगेच चढतो. पाय चालतात, खांब ओळखीचा आहे. फक्त बझर त्याला आता हलवत नाही.

आपल्या सर्पगंधेतून वेगळं केलेलं रेसरपिनही टाळणं असंच दडपतं. उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, त्यामुळे आमच्या वर्गात या औषधाचं नाव निघालं की मुंबईचं नाव निघायचंच. रेसरपिन मेंदूतल्या डोपामिनचे साठे रिकामे करतं, हॅलोपेरिडॉल डोपामिनच्या रिसेप्टरांना अडवतं. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात: सूचनेला जो जोर मिळतो तो डोपामिनमुळे.

शितिज कपूर यांनी 2003 मध्ये याच धाग्यावरून मनोविकाराबद्दल एक मांडणी केली. सायकोसिसमध्ये डोपामिन अवेळी सुटतं आणि भलत्याच गोष्टींना महत्त्व चिकटतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची नजर, रेडिओवरचं एखादं वाक्य, सगळेच बझर होतात. औषधाने विचार पुसले जात नाहीत, त्यांचा जोर कमी होतो. ‘ते विचार अजून येतात, पण आता तितका त्रास देत नाहीत’ अशा आशयाचं रुग्ण बोलतात. हे वाचल्यावर कान वळवून जागीच बसलेला उंदीर मला वेगळा दिसायला लागला. कपूर आणि इतरांच्या कामातून आणखी एक कळलं: औषध चालू असताना टाळणं एका फटक्यात बंद होत नाही, फेरीगणिक कमी होत जातं. सूचनेचा जोर ओसरायलाही वेळ लागतो. रुग्णाच्या घरच्यांना पहिल्या आठवड्यांत धीर धरायला सांगतात, त्यामागे हाही एक भाग असावा असं मला वाटतं.

आता पदवीच्या वर्गांत प्राण्यांचे प्रयोग संगणकावरच दाखवतात आणि ते योग्यच झालं. बझर-खांब समजून घ्यायला प्रत्येक मुलाने उंदीर हाताळायची गरज नाही. माझं या विषयाशी नातं मात्र वेगळ्याच बाजूने चालू राहिलं. विदर्भातून आलेले माझे काही विद्यार्थी आज शेती बघतात. रानडुकरांसाठी त्यांनी सोलरवरचं झटका मशीन बसवलंय आणि मला फोन करून विचारतात, “मॅडम, डुकरं तारेला जुमानत का नाहीत?”

मी आधी विचारते, तार कुठल्या उंचीवर आहे. डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडी. तिथे झटका नीट पोहोचत नाही. ते नाकाने चाचपतं आणि नाक ओलं असतं. म्हणून खालची तार नाकाच्या उंचीवर हवी आणि दिसेल अशी, तिला चमकणारी फीत बांधलेली, कारण अंधारात न दिसणाऱ्या तारेतून झटका कळतो, सूचना कळत नाही. नाकाला बसला तर डुक्कर मागे सरतं. पाठीला बसला तर ते पुढे मुसंडी मारून शेतात घुसतं आणि पलीकडे त्याला मका मिळतो. मग तारेतून जाणंच शिकलं जातं. पहिल्या रात्रीपासून मशीन चालू हवं, तारेला टेकलेलं गवत कापलेलं हवं, नाहीतर वीज जमिनीत जाते. एकदा शिकलेलं डुक्कर काही दिवस बंद तारेलाही बिचकेल, पण कळपात दर हंगामात नवी पिलं येतात, त्यांनी तार कधी चाखलेली नसते. आणि कळपाला जायला एका बाजूने मोकळी वाट ठेवा हे मी प्रत्येकाला सांगते, कारण जाण्याची वाट नसेल तर टाळणं शिकायला जागाच उरत नाही.

घरच्या लाइनची वीज थेट तारेत सोडणाऱ्यांबद्दल मात्र मी फोनवरही कठोर होते. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं, गुरं, वाघ मेले आहेत. झटका मशीन सुमारे सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका देतं आणि मधल्या वेळात जनावराला मागे सरता येतं. सलग वाहणाऱ्या विजेत ती फट नसते. मेलेल्या जनावराला काही शिकता येत नाही आणि दुसऱ्या रात्री येणाऱ्या कळपासाठी ती तार पुन्हा अनोळखीच असते. हे पटलेल्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या बांधावरची तशी तार काढायला लावली आणि दोघांनी मिळून एक मशीन घेतलं. त्याचा पुढचा प्रश्न बॅटरीबद्दल होता: पावसाळ्यात ढगाळ आठवडा आला तर मशीन रात्री चालू ठेवायचं की दिवसा. मी रात्री म्हटलं. डुकरं येतात तेव्हा सूचना खरी असली पाहिजे.